राष्ट्राध्यक्षांच्या दोन मुदतींविषयी अमेरिकेतील मराठी मतदारांस खुले पत्र

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आणि येथे मतदान करणाऱ्या सर्व मराठी भगिनी-बांधवांस,

सप्रेम नमस्कार.

माझी भाची सध्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये लागू झालेल्या बदलानुसार नव्या अर्जदारांना 128 प्रश्नांची यादी अभ्यासावी लागते, आणि रविवारी जेवणे उरकली की मी तिला त्यातले प्रश्न विचारत बसतो. परवा प्रश्न आला की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती का मिळतात. बावीसव्या घटनादुरुस्तीमुळे, असे तिने क्षणात सांगितले आणि ते बरोबरच होते. पण त्याच प्रश्नाखाली आणखी एक उत्तर ग्राह्य म्हणून छापलेले आहे: राष्ट्राध्यक्षाच्या हाती फार सत्ता एकवटू नये म्हणून. पहिले उत्तर पाठांतराचे आहे, दुसरे समजुतीचे. भाची पुढच्या प्रश्नाकडे वळली तरी मी त्या दुसऱ्या उत्तरापाशीच थांबलो, कारण त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात याच विषयावर बराच वाद झाला होता.

एका गृहस्थांचे म्हणणे असे होते की काम करणारा माणूस मिळालाच असेल, तर त्याला आठ वर्षांनी घरी बसवण्यात कसला शहाणपणा आहे. त्यावर एका ताईंनी विचारले की हेच तुम्ही 2016 साली ओबामांविषयी म्हणाला होतात काय; आणि त्याच ओघात त्या हेही बोलून गेल्या की ओबामांना मात्र तेव्हा आणखी चार वर्षे मिळायला हवी होती. दोघांनीही तिळगुळाचा मान राखून गोड शब्दांत वाद घातला, पण ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले की दोघांचे म्हणणे मुळात एकच आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, एवढाच काय तो फरक. मी हे हसून लिहीत असलो तरी मी त्यातून सुटलेलो नाही. 1996 मध्ये मी या देशात पहिल्यांदा मतदान केले ते बिल क्लिंटन यांना, आणि 2000 साली त्यांना पुन्हा उभे राहता येत नाही याची मला मनापासून हळहळ वाटली होती. माझ्या एका जुन्या स्नेह्यांना तीच हळहळ 1988 मध्ये रेगन यांच्याबद्दल वाटली होती, असे ते आजही सांगतात.

म्हणून हे पत्र कोणत्याही एका व्यक्तीच्या किंवा पक्षाच्या बाजूने अथवा विरुद्ध नाही, अशी माझी विनंतीवजा सूचना सुरुवातीलाच आहे. माझे म्हणणे असे आहे की दोन मुदतींची मर्यादा वाईट राष्ट्राध्यक्षांना आवरण्यासाठी जितकी उपयोगी आहे, त्याहून अधिक ती चांगल्या, लोकप्रिय आणि कर्तबगार राष्ट्राध्यक्षांसाठी आवश्यक आहे. आणि ती हटवण्याचा किंवा तिला वळसा घालण्याचा प्रस्ताव ज्या कोणाकडून येईल, त्याला आपण आपल्या प्रतिनिधींमार्फत ठामपणे नकार कळवावा.

प्रस्ताव येतच असतात. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीला तीनच दिवस झाले असताना टेनेसीचे रिपब्लिकन प्रतिनिधी अँडी ओगल्स यांनी प्रतिनिधिगृहात घटनादुरुस्तीचा ठराव मांडला. त्यानुसार तिसरी मुदत मिळू शकते, पण ज्याने सलग दोन मुदती पूर्ण केल्या असतील त्याला नाही. म्हणजे मधे खंड पडलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना वाट मोकळी, आणि सलग आठ वर्षे पूर्ण केलेल्या क्लिंटन, बुश व ओबामा यांना बंद. एका माणसाच्या मापाने शिवलेला कपडा असा तो ठराव आहे. मार्च 2025 मध्ये एनबीसीला दिलेल्या मुलाखतीत ट्रम्प यांनी तिसऱ्या मुदतीबद्दल आपण गंमत करत नसल्याचे सांगितले. पुढे ऑक्टोबरमध्ये, मजकूर स्पष्ट आहे आणि आपल्याला उभे राहता येणार नाही, असेही तेच म्हणाले. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट प्रतिनिधी होसे सेरानो यांनी 1997 पासून पुढे अनेक वेळा बावीसवी दुरुस्ती रद्दच करण्याचा ठराव आणला होता. तो कधी समितीच्या पुढे सरकला नाही, आणि ओगल्स यांच्या ठरावाचे भवितव्यही फारसे निराळे दिसत नाही, कारण घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि त्यानंतर 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते. मग पत्र लिहिण्याची एवढी निकड कसली, असे कोणी विचारेल. निकड अशी की कायदा बदलण्याच्या बऱ्याच आधी लोकांची सवय बदलते, आणि ती आपल्या दिवाणखान्यांत आणि मंडळांच्या सभागृहांत बदलते.

आता थोडे इतिहासाकडे वळतो, कारण या विषयावर बोलताना जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव हमखास घेतले जाते आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने घेतले जाते. वॉशिंग्टन यांनी दोन मुदतींचा दंडक तत्त्व म्हणून घालून दिला, असे आपण ऐकत आलो आहोत. वास्तविक 1788 मध्ये आपले फ्रेंच सेनानी मित्र लाफायेत यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट म्हटले होते की या पदावर माणसे आळीपाळीने बदललीच पाहिजेत, या मताशी ते सहमत नाहीत. 1796 मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली ती थकल्यामुळे आणि माउंट व्हर्नन या आपल्या घराच्या ओढीने. तत्त्व म्हणून हा आग्रह धरला तो थॉमस जेफरसन यांनी. 1787 मध्ये घटनेचा मसुदा पॅरिसमध्ये त्यांच्या हाती पडला, तेव्हाच त्यांनी घटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांना लिहिले की पुन्हा पुन्हा निवडून येण्याची मुभा ठेवली तर हा माणूस तहहयात अधिकारी होऊन बसेल. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा 1807 मध्ये व्हरमाँटच्या विधिमंडळाने केलेली तिसऱ्या मुदतीची विनंती त्यांनी नाकारली.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बुद्धिमान वकील म्हणजे अलेक्झांडर हॅमिल्टन. घटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्यांनी तर राष्ट्रप्रमुख, वर्तन चांगले असेपर्यंत, आजन्म असावा असेच सुचवले होते. पुढे 1788 मध्ये घटनेच्या समर्थनार्थ लिहिताना त्यांनी मुदतींच्या मर्यादेविरुद्ध जे मुद्दे मांडले, ते आजही कोणाला सुधारता आलेले नाहीत: पुढे काही मिळणार नसेल तर माणूस चांगले काम कशाला करील; अनुभवी माणूस नेमका संकटाच्या वेळी हातचा का घालवायचा; आणि निवृत्त राष्ट्राध्यक्ष अतृप्त भुतांसारखे लोकांमध्ये हिंडत राहिले, तर त्याने देशाची शांतता वाढेल का. हा शेवटचा मुद्दा वाचताना मला कोकणातल्या आमच्या घरामागच्या पिंपळावरचा मुंजा आठवतो. गंमत अलाहिदा, पण हॅमिल्टन यांची भीती खोटी ठरली, हे सव्वादोनशे वर्षांनी म्हणता येते. इथले माजी राष्ट्राध्यक्ष ग्रंथालये उभारतात, आठवणी लिहितात, घरे बांधतात. जिमी कार्टर यांच्यासारखे तर हातात हातोडी घेऊन इतरांची घरे बांधत होते. पदावर असताना जो मान मिळाला नाही, तो काहींना पद सोडल्यावर मिळाला.

एकोणिसाव्या शतकात हा दंडक लेखी नव्हता, तरी तो मोडणे सोपे नव्हते. यादवी युद्धाचे सेनानी युलिसिस ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींनंतर, एका मुदतीच्या खंडाने, 1880 मध्ये तिसऱ्यांदा प्रयत्न केला, त्यांच्या पाठीशी 300 हून अधिक प्रतिनिधी शेवटपर्यंत हटून उभे राहिले, आणि तरीही 36व्या फेरीत रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी गारफील्ड यांना मिळाली. 1912 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पक्ष सोडून उभे राहिले आणि पडले. हे एवढेच सांगून मी 1940 वर येतो, कारण खरा विषय तिथे आहे.

फ्रँकलिन रूझवेल्ट वाईट राष्ट्राध्यक्ष होते, असे मी म्हणणार नाही. मंदीत बुडालेल्या देशाला त्यांनी धीर दिला, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची जी व्यवस्था त्यांनी 1935 मध्ये उभी केली तिच्यावर आज आपल्यातील अनेक ज्येष्ठांचा महिना चालतो, आणि हिटलरविरुद्धच्या लढाईचे त्यांचे ऋण तर जगावर आहे. म्हणूनच त्यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तिसऱ्या मुदतीची उमेदवारी ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या 1940 च्या शिकागो अधिवेशनात, आपण उमेदवारीसाठी आतुर नाही, असा त्यांचा निरोप वाचून दाखवला गेला आणि सभागृहात क्षणभर शांतता पसरली. तेवढ्यात ध्वनिक्षेपकांवरून एक आवाज गर्जू लागला की आम्हाला रूझवेल्टच हवेत. तो आवाज आकाशातून आलेला नव्हता. तळघरात बसवलेल्या शिकागो शहराच्या सांडपाणी खात्याच्या प्रमुखाचा तो आवाज होता. ज्यांनी आपल्याकडे ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव’ भरलेले उमेदवारी अर्ज पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण माझा रोख 1940 पेक्षा 1944 वर आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने रूझवेल्ट यांना तपासले, तेव्हा वाढलेला रक्तदाब आणि निकामी होत चाललेले हृदय त्यांच्या ध्यानात आले. देशाला मात्र राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत डॉक्टरांकडून प्रकृती उत्तम असल्याचेच सांगितले जात होते. पक्षातील वरिष्ठांना त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज आलेला होता, आणि म्हणूनच उपराष्ट्राध्यक्ष कोण असावा यावर त्यांच्यात एवढी खेचाखेच झाली. पण ‘आपण आता थांबावे’ हे वाक्य रूझवेल्ट यांच्यासमोर जाऊन उच्चारण्याची ना कोणाची हिंमत झाली ना कोणाला त्याची गरज वाटली. युद्ध चालू होते, त्यांच्याशिवाय कसे होणार, असे सर्वांनाच प्रामाणिकपणे वाटत होते. नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले, 20 जानेवारी 1945 रोजी त्यांनी शपथ घेतली आणि 12 एप्रिलला वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. उपराष्ट्राध्यक्षपदावर येऊन जेमतेम 82 दिवस झालेल्या हॅरी ट्रुमन यांच्या हाती महायुद्ध आले, आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती त्यांना 25 एप्रिल रोजी, म्हणजे पदावर आल्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी मिळाली.

मला या प्रसंगात कोणी खलनायक दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच त्यातली गंभीर बाब आहे. बारा वर्षे एकच माणूस मध्यभागी असला की त्याच्याभोवतीची सगळी माणसे, त्यांच्या निष्ठा, त्यांची कामाची पद्धत, त्यांची भविष्याची स्वप्ने त्याच्याच भोवती गुंफली जातात. तो जाणार आहे हे गृहीत धरून काम करणे त्यांना जमेनासे होते. मर्यादा असती, तर उत्तराधिकाऱ्याची तयारी कोणाच्या प्रकृतीवर किंवा कोणाच्या धाडसावर अवलंबून राहिली नसती. ती तारीख ठरलेली असती.

हेच मी फार लहान प्रमाणावर स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळाचा सभासद होतो, त्याचे अध्यक्ष सलग अकरा वर्षे एकच होते. अतिशय सज्जन गृहस्थ. गणपतीची मूर्ती ठरवण्यापासून मोदकांच्या साच्यापर्यंत आणि नाटकाच्या दौऱ्यापासून एखाद्या नव्या कुटुंबाला विमानतळावरून आणण्यापर्यंत सगळे त्यांच्याच अंगावर. दरवर्षी सर्वसाधारण सभेत ते म्हणत की आता कोणीतरी पुढे या, आणि दरवर्षी आम्ही टाळ्या वाजवून त्यांनाच पुन्हा निवडत असू. पुढे त्यांच्या मुलीला बाळ झाले आणि दोघे पतिपत्नी टेक्सासला निघून गेले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत आम्हाला कळले की सभागृहाचे आरक्षण त्यांच्या व्यक्तिगत ओळखीवर होत होते, बँकेच्या खात्यावर सही एकट्या त्यांची होती, आणि करसवलतीसाठी सरकारकडे दरवर्षी जो कागद भरावा लागतो तो कोठे व कसा भरायचा हे दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. त्या वर्षी गणपती एका सभासदाच्या गॅरेजमध्ये बसला. त्यांनी एका पैशाचाही घोटाळा केलेला नव्हता. दोष असलाच तर आम्हा टाळ्या वाजवणाऱ्यांचा होता. ते असेपर्यंत मंडळ छान चालत होते, पण त्यांच्याशिवाय चालण्याची त्याला सवयच राहिली नव्हती. गणपती गॅरेजमध्ये बसू शकतो. अण्वस्त्रे असलेल्या देशाचा कारभार असा गॅरेजमध्ये हलवता येत नाही.

बावीसवी दुरुस्ती याच अनुभवातून आली, पण तिचा जन्म काही फार उदात्त हेतूंनी झाला असे नाही. 1946 च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली. चार वेळा हरवणाऱ्या माणसावरचा राग त्यांनी त्याच्या निधनानंतर काढला, असे म्हणायला जागा आहे. 6 फेब्रुवारी 1947 रोजी प्रतिनिधिगृहात 285 विरुद्ध 121 मतांनी ठराव संमत झाला. एकाही रिपब्लिकन सदस्याने विरोधात मत दिले नाही. सिनेटने मार्चमध्ये तो थोड्या बदलांसह स्वीकारला आणि राज्यांची संमती मिळण्यास जवळजवळ चार वर्षे लागून 27 फेब्रुवारी 1951 रोजी ही दुरुस्ती घटनेचा भाग झाली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना तिने वगळले होते, ही गोष्ट मला विशेष वाटते: मर्यादा घालायचीच तर ती खुर्चीवर बसलेल्या माणसाला वगळून घातली गेली. ओगल्स यांच्या ठरावाशी याची तुलना करून पाहावी. एकात पदस्थ व्यक्ती नियमाबाहेर ठेवली गेली ती, नियम तिच्याविरुद्ध आहे असे कोणाला वाटू नये म्हणून. दुसऱ्यात नियमच एका व्यक्तीभोवती आखला आहे. आणि दैवगती अशी की या दुरुस्तीने सर्वप्रथम ज्यांना बांधले ते आयझेनहॉवर रिपब्लिकन होते, आणि तिच्याबद्दल पुढे उघड नाराजी दाखवणारे रेगनही रिपब्लिकनच. रेगन यांना तिसरी मुदत मिळाली असती तर ती जानेवारी 1993 मध्ये संपली असती. नोव्हेंबर 1994 मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने देशाला पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचे कळवले.

आता आक्षेपांकडे येतो. लोकांना हवा तो माणूस निवडू न देणे ही कसली लोकशाही, हा पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप आहे. पण आपल्यापैकी ज्यांचा जन्म पुण्यात, नागपुरात, मडगावात किंवा बेळगावात झाला, त्यांना या देशाची घटना आधीच सांगून बसली आहे की तुम्हाला कितीही मते मिळाली तरी तुम्ही राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, कारण त्यासाठी जन्मसिद्ध नागरिक असावे लागते. वयाची 35 वर्षे पूर्ण असावी लागतात, हीही अट आहे. या अटी आपण शपथ घेताना बिनतक्रार स्वीकारल्या. मतदाराच्या निवडीवर बंधने असतातच; प्रश्न एवढाच आहे की त्यांतली कोणती बंधने मतदाराचे रक्षण करतात. जन्माच्या अटीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. मुदतीच्या अटीबद्दल नाहीत, कारण आठ वर्षे सत्तेवर राहिलेल्या माणसाविरुद्धची निवडणूक ही बरोबरीची लढत उरत नाही: नेमणुका त्याच्या हातून झालेल्या असतात, देणगीदार त्याच्या ओळखीचे असतात, आणि पक्षात त्याला आव्हान देऊ शकणारी माणसे एव्हाना एकतर त्याच्या मंत्रिमंडळात असतात किंवा घरी.

दुसरा आक्षेप खास आपल्या लोकांचा आहे. भारतात पंतप्रधानांना अशी मर्यादा नाही, नेहरू जवळजवळ 17 वर्षे पंतप्रधान होते, आणि तिथली लोकशाही टिकली. मग इथे एवढा बाऊ कशाला? हा आक्षेप ऐकताना मला नेहमी 17 एप्रिल 1999 ची रात्र आठवते. त्या दिवशी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींचे सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले, आणि आम्ही इथे एकमेकांना दूरध्वनी करून ती बातमी खरी आहे ना, हे विचारत होतो. पंतप्रधानाला सभागृहाचा विश्वास दररोज टिकवावा लागतो. तो गेला की दुपारी असलेला पंतप्रधान संध्याकाळी राजीनामा घेऊन राष्ट्रपती भवनात जातो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला चार वर्षे कोणी हलवू शकत नाही. महाभियोग आहे, पण त्यासाठी सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात, आणि आजवर चार वेळा महाभियोग चालवूनही एकाही राष्ट्राध्यक्षाला त्या मार्गाने पदावरून दूर करता आलेले नाही. भारताच्या राष्ट्रपतींनाही घटनेने पुन्हा निवडून येण्याची मुभा दिली आहे, आणि तरी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यानंतर कोणीही त्या पदावर दुसऱ्यांदा निवडून गेलेले नाही. पण राष्ट्रपतींचे अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असल्यामुळे ती तुलना इथे फारशी उपयोगाची नाही. जिथे काढण्याची सोय सोपी, तिथे जाण्याची तारीख ठरवून ठेवण्याची गरज कमी. इथे काढण्याची सोय जवळजवळ नाहीच.

न्यायालयांचा मुद्दा मी थोडक्यात मांडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि ती आजन्म असते. आपल्या बारा वर्षांत रूझवेल्ट यांनी आठ नवे न्यायाधीश नेमले आणि नवव्याला सरन्यायाधीशपदी बढती दिली. ज्याच्या निर्णयांची तपासणी करायची, त्यानेच सगळे तपासनीस नेमलेले असावेत, ही स्थिती कोणत्याही पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला मिळू नये असे मला वाटते. (न्यायाधीशांनाही मुदत असावी का, हा निराळ्या पत्राचा विषय आहे.)

मर्यादेची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची रीत वॉशिंग्टनमध्येही आहे, आणि दुसऱ्या मुदतीच्या उत्तरार्धात राष्ट्राध्यक्षाच्या शब्दाला त्याच्याच पक्षात वजन उरत नाही, हे आपण अनेकदा पाहिले आहे. तसेच मर्यादा नसली की लोकशाही बुडतेच, असेही नाही. श्रीलंकेत 2010 मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने दोन मुदतींची अट काढून टाकली, महिंद राजपक्षे तिसऱ्यांदा उभे राहिले, आणि जानेवारी 2015 मध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवले. त्याच वर्षी ती अट परतही आली. हे उदाहरण माझ्या विरोधकांच्या बाजूचे आहे आणि मी ते प्रामाणिकपणे पुढे ठेवतो. एवढेच जोडतो की राजपक्षे यांना हरवणारे मैत्रीपाल सिरिसेना आदल्या नोव्हेंबरपर्यंत त्यांच्याच मंत्रिमंडळात होते. ऐनवेळी घरातलाच माणूस फुटेल, या भरवशावर कोणी घटना लिहीत नाही.

उलट बाजूची उदाहरणे मात्र कमी नाहीत, आणि त्यांतले मेक्सिकोचे मला सर्वांत बोलके वाटते. 1876 मध्ये पोर्फिरिओ दियास यांनी बंड केले ते ‘पुन्हा निवडणूक नको’ याच घोषणेवर. सत्ता मिळाल्यावर एका मुदतीचा खंड सोडला तर ते 1911 पर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिले, आणि अखेर फ्रान्सिस्को मादेरो यांनी त्यांना आव्हान दिले तेही त्याच घोषणेवर. त्या क्रांतीनंतर बंदी घटनेत आली. मग अल्वारो ओब्रेगोन यांच्यासाठी ती शिथिल केली गेली, ते 1928 मध्ये पुन्हा निवडून आले आणि पदग्रहणाआधीच 17 जुलै रोजी एका उपाहारगृहात त्यांची हत्या झाली. तेव्हापासून तिथे कोणालाही दुसरी मुदत मिळालेली नाही. बोलिव्हियात 2016 च्या सार्वमताने मर्यादा उठवण्यास नकार दिला, तरी पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने पुन्हा उभे राहणे हा जणू मानवी हक्क आहे असा निवाडा देऊन तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना वाट मोकळी केली. 2018 मध्ये चीनने आपल्या राज्यघटनेतील दोन मुदतींची अट काढली, तेव्हा विरोधात पडलेली मते होती दोन.

बोलिव्हियाचा प्रकार मी मुद्दाम लिहिला. अमेरिकेत 38 राज्यांची संमती मिळवणे अवघड आहे, म्हणून खरा धोका दुरुस्तीचा नसून अर्थ लावण्याचा आहे. बावीसव्या दुरुस्तीत शब्द आहे तो ‘निवडून येण्याचा’: कोणीही दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येणार नाही. त्यावरून काही कायदेपंडित असा तर्क करतात की दोन मुदती झालेला माणूस उपराष्ट्राध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला, तर तो न निवडता पदावर येईल. बाराव्या दुरुस्तीच्या अखेरच्या वाक्यात मात्र म्हटले आहे की जो राष्ट्राध्यक्षपदासाठी अपात्र, तो उपराष्ट्राध्यक्षपदासाठीही अपात्र. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा यावर न्यायालयाचा निकाल अद्याप नाही, कारण तसा प्रयत्न आजवर कोणी केलेला नाही. सामान्य मतदाराला मात्र यात कायद्याचे पांडित्य लागत नाही. 1951 मध्ये ज्यांनी हा नियम स्वीकारला त्यांना काय हवे होते, हे माझ्या भाचीच्या यादीतील दुसऱ्या उत्तरात छापलेले आहे.

तेव्हा माझी विनंती नेमकी आहे. आपण ज्या मतदारसंघात राहता तेथील प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयाला एक पत्र लिहावे किंवा दूरध्वनी करावा, आणि विचारावे की बावीसवी दुरुस्ती बदलणाऱ्या ठरावावर आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या पळवाटेवर त्यांची भूमिका काय आहे. ते आपल्या पक्षाचे असतील तर अवश्य विचारावे. परक्या पक्षाच्या माणसाला प्रश्न विचारण्यात विशेष पुरुषार्थ नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. आता तर हा प्रश्न त्या सभागृहाच्या एका सदस्याला मराठीतूनही विचारता येतो.

मी स्वतः दोन पत्रे लिहिली आहेत. एक माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना पाठवले आहे. दुसरे आमच्या आताच्या मंडळाच्या चिटणीसांना दिले असून त्यात मार्चमधील सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी एक ठराव आहे, की अध्यक्षपदावर कोणीही सलग चार वर्षांपेक्षा अधिक काळ राहू नये. विद्यमान अध्यक्ष माझे जवळचे मित्र आहेत आणि काम उत्तम करतात. सूचक म्हणून माझे नाव लिहिले आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे.

आपला नम्र,
न्यू जर्सीतील एक मराठी मतदार